यीस्ट राहू दे

आखातातल्या हमद टाउनच्या खोलीत मी आणि सोबत राहणारा रमेशदादा डब्यातल्या जवाच्या तयार पाकाची बीअर करायचो, तेव्हाची गोष्ट. एकदा दादा म्हणाला, “डबे खलास. आता थेट जवापासून करू.”

मला त्यातलं काही येत नव्हतं. आई नाचणीच्या सत्त्वासाठी करायची तसेच मी जव भिजवले, फडक्यात बांधून मोड आणले, वाळवून भरडले. गरम पाण्यात ते मुरले आणि खोलीभर घरचा वास सुटला. आमची रजा अजून वर्षभर लांब होती.

“यल्ला, चल, गाळ आणि आंबवायला यीस्ट टाक!”

“दादा, आधी वाटीभर पिऊ का?”

त्यानेही एक घोट घेतला. मग हळूच म्हणाला, “आमची आई यात गूळ घालायची.”

पातेलं रिकामं झालं. दादा म्हणाला, “उद्या परत भिजव. यीस्ट राहू दे.”