पहिल्या यादीतलं हॉस्पिटल

अरे, त्या दिवसाचं सांगतो. बाबांच्या छातीत कळ आली, चुलतभावाच्या टेंपोतून निघालो. शिळफाट्याला हॉस्पिटल समोरच होतं. बाबा विम्याचं कार्ड मुठीत धरून म्हणाले, "इथं नको रं. हे दुसऱ्या यादीतलं हाय, निम्मा खर्च आपल्यावर येतो. पहिल्या यादीतलं पनवेलला, तिथं सगळं फुकट."

घामानं निथळणाऱ्या माणसाशी वाद कसा घालणार? पुढं गेलो. वाटेत घाबरून विमा कंपनीला फोन लावला. स्पीकरवर तिथली बाई म्हणाली, "अहो, जिवावर बेतलं असेल तर जवळचं कुठलंही चालतं! पहिल्या यादीसारखंच धरतो."

भावानं टेंपो मागं शिळफाट्याकडं वळवला. बाजूला बघतो तर बाबांचे डोळे मिटलेले.

"बाबा!"

 मी खांदा धरून त्यांना हलवलं.

मग ओठ हलले, "बाईकडनं लेखी घे."