पहिली नळी

एक्क्याऐंशी सालच्या मार्चातली सकाळ होती. लखनौच्या एका इस्पितळात, ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर मधुसूदन बसला होता. त्याच्या सहा वर्षांच्या मुलीचे, नयनाचे टॉन्सिल काढायचे होते. त्याची बायको मालिनी हिवाळ्यात वारली, त्यामुळे सोबत कुणी नव्हतं. शेजारी दोन शिकाऊ डॉक्टर चहा पीत मराठीत बोलत होते. इथे आपलं बोलणं कुणाला कळतंय, असा त्यांचा सूर होता.

“नरेंद्र, टॉन्सिलवाल्या मुलीला भूल मीच द्यायची म्हणतात सर.”

“मग दे की.”

“मोठ्यांच्या घशात नळी घातलीय मी. लहान मुलाच्या कधीच नाही.”

“पहिलं मूल कधीतरी येणारच, उल्का. मी उभा आहे शेजारी.”

“तुला नव्हती वाटली भीती?”

“नंतर वाटली. बरं, तोंड तपासलंस तिचं?”

“उघडलंच नाही तिने. नुसती रडत होती.”

“आणि दात?”

“असतील ठीक.”

“असतील? नळी घालताना एखादा सुटून श्वासनळीत गेला तर? वडिलांना विचार.”

“ते बोलतच नाहीत यार. नुसते बघत बसतात.”

मधुसूदन उठला.

“बाबूजी, कुछ चाहिए?” उल्काने हिंदीत विचारलं.

“खालचा पुढचा दात हलतोय तिचा.”

उल्काने कप खाली ठेवला.

“काका, तुम्ही... दुसरं कुणी हवं असेल तर मी सरांना सांगते.”

“नको. तुम्ही घाबरलाय, म्हणजे जपून द्याल. पण झोप लागेपर्यंत मला आत येऊ द्या. दात ती आईलाच दाखवायची. आता मला दाखवते.”

“चला काका. चपला इथेच काढा.”