रिकामं हेडर

...अठ्ठेचाळीस बाइट! तुम्हाला सांगतो, एवढ्याशा जागेवरून तीन आठवडे भांडणं चालली. मी हितं कुंभारी गावात भाड्याच्या दोन खोल्यांत एकटा, टीम पुण्यात, म्हणजे भांडायलासुद्धा समोर माणूस नाही की हो...

हेडर म्हणजे काय? आई मंगळवेढ्याहून एसटीच्या कंडक्टरकडे डबा देते, वर चिठ्ठी, कुणाचा, कुठं उतरवायचा, आत काय. झालं हेडर! आमचं सॉफ्टवेअर फाइलचे तुकडे लांबच्या मशीनमध्ये ठेवायला पाठवतं, प्रत्येक तुकड्यावर अशी चिठ्ठी. पण मी एक अठ्ठेचाळीस बाइटची नुसतीच चिठ्ठी ठेवली, खाली डबाच नाही. दर तीस सेकंदांनी जाणार, 'हायस का?' विचारणार, पलीकडून 'हाय' आलं की बास. तर आमचे टीमप्रमुख महेश्वरसर, "अभिमन्यू, आत काहीच नाही, मग पाठवायचं कशाला?"

कशाला? अहो, पलीकडचं मशीन बंद पडलं तर कळणार कसं? पण सरांचं आपलं तेच, "आत काहीच नाही ना पण!" शेवटी चिडून म्हटलं, सर, विचारपूस करायला माल लागतो का? मंजूर झालं. आणि मी माइक बंद करून, खोटं कशाला सांगू, रडलो...

कारण आई रोज दुपारी फोन करायची. "जेवलास का रं? बरं, ठेवते." बास. महिन्यापूर्वी ऐन मीटिंगमध्ये आला, तर मी खेकसलो, "काही काम असलं तरच करत जा की!" म्हणजे आत काहीच नाही, पाठवतेस कशाला... महेश्वरसर मीच! तिनं फोन करणंच बंद केलं.

मग सोमवारी मीच लावला. "काही काम नाही आई, असंच केला." मग हळूच, "असंच? ताप हाय का? नोकरी गेली का रं? खरं सांग, दोनची एसटी धरून येते." ये म्हणायचं होतं हो... जीभच वळली नाही. म्हटलं, "अगं, तुझा आधार कार्डाचा नंबर पाहिजे होता." तशी निवांत झाली. नंबर सांगितला, "एवढंच न्हवं? ठेव मग, कामं असतील," आणि ठेवला.

आज गुरुवार. रोज फोन करून तोच नंबर चार वेळा लिहून घेतलाय.