नकटूच्या घरातली आरोळी

जबाब
पोलीस चौकी पळसटोला, जिल्हा चांदा. सन १९५७, मंडईचा दुसरा दिवस.

नाव गोकुळा, मयत डोमा मेश्राम याची बायको. वय अंदाजे तीस. धंदा तळ्यातली मासोळी धरणे व विकणे. राहणार पळसटोला, ढिवर मोहल्ला.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, माझा नवरा डोमा याले दसऱ्याच्या आधी तळ्याच्या पाळीवरून बाबानं नेलं. बाबा म्हणजे कोण, असे हवालदारसाहेब विचारतात. नाव घेणार नाई. पट्टेवाला, एवढं लिहा. पट्टेवाला म्हणजे शिपाई काय, असे साहेब विचारतात. शिपाई नाई जी, अंगावर पट्टे असते तो, जंगलातला. या मुलखात त्याचं नाव कोणी तोंडानं घेत नाई. बाबा म्हणतो, अन् मानानं बोलतो. साहेब साताऱ्याकडचे आहेत, नवे आले, त्याईले ठाऊक नसन. आता घरात मी अन् माझी पोरगी मैना, दोघीच आहो.

चौकीच्या वऱ्हांड्यात नथ्थू अन् गावातले लोक काठ्या घेऊन उभे आहेत. काल मंडईत, म्हणजे आमच्या दिवाळीनंतरच्या जत्रेत, नथ्थूच्या मायचा, रुखमाबाईचा, पाय मोडला. आत येताना त्यानं मले अडवलं. म्हणे, "वहिनी, तुह्या नवऱ्याचं काय झालं ते साऱ्याईले ठाऊक. तू म्हण का रंगाऱ्यानं लुटासाठीच ओरडलं. तुले कोणी खोटं पाडणार नाई." मी म्हणलं, सरक बाजूले. मले पढवून पाठवावं एवढी मी भोळी नाई. शफी रंगारी मागल्या कोठडीत आहे. माझ्या तोंडून काय निघते त्यावर तो तुरुंगात जाते का घरी जाते ते ठरणार, हे मले समजते. आता कौलावर गोटा पडला, तो बाहेरच्याईनंच मारला. साहेब, हेही लिहा.

शफीले मी मंडईच्या आधी ओळखत नव्हती. तो मूळचा जबलपूरचा, हल्ली वडशाले राहते, नाटकाचे पडदे रंगवते. मंडईत माझ्या मासोळी तळायच्या चुलीच्या बाजूलेच तो पोराईसाठी एक घर बांधून राह्यला होता. पुण्याकडून पोराईचं एक साप्ताहिक येते म्हणे. त्यात नकटू नावाच्या खोडकर पोट्ट्याची चित्रं असते. दर वेळी खोडी नवी, शेवट एकच. नकटू लाडू चोरते, कपाटात लपते, अन् शेवटल्या चित्रात दार उघडून त्याचा मिशीवाला बाप छडी घेऊन उभा राहते. शफीची बायको जमीला ती चित्रं कापून ठेवते. तो मले म्हणे, "बाई, पोट्टे चित्र बघून इतके हसते. चित्राच्या आत घुसले तर किती हसतीन?" एवढ्याच्यासाठी त्याचा सारा आटापिटा चालला होता.

बांबूचा सांगाडा, पोत्याच्या भिंती, त्याच्यावर रंग. खिडकीतून आत जायचं, डांबराच्या रिकाम्या पिंपातून रांगायचं, ते नकटूचं कपाट. मग फळीवरून घसरत नकटूच्या घरातल्या खोट्या चुलीपाशी पडायचं. पोरगं पडलं का शफी दोरी ओढणार, दार धाडकन उघडणार अन् लाकडी बाप बाहेर झुकणार. मी म्हणलं, फळीले लाकडाच्या टोकदार फासा राह्यल्या, पोराईचं ढुंगण सोलन. त्यानं अख्खी फळी पुन्हा घासली, अन् पहिले स्वतःच घसरून पाह्यलं. एवढा मोठा माणूस, त्या खोट्या चुलीवर जाऊन आपटला. नवरा गेल्यावर मी पहिल्यांदा हसली. हे लिहायचं नसन तर नका लिहू.

काल दिवस बुडून राह्यला होता. मैना आत गेली होती. शफीनं टिनाचा भोंगा तोंडाले लावला अन् चित्रात नकटू ओरडते तेच ओरडला. नेमके शब्द काय, असे विचारता सांगते, "बाबा आले रे, बाबा आले!" मंडईच्या पाठीमागे जंगलच लागते साहेब. माझ्या हातातला झारा पडला. मी पळली. पोरगी आत आहे हेही मले याद नाई राह्यलं. सारी मंडई पळली. रुखमाबाई पडली, तिच्या अंगावरून लोक गेले. कापडवाल्याचे गठ्ठे कोणी उचलले ते मी पाह्यलं नाई.

पाळीपर्यंत गेली अन् मैनाची याद आली. तशीच मागे फिरली. लोकाईच्या धक्क्यानं ते पोत्याचं घर एका बाजूले बसलं होतं. शफी पळाला नव्हता, आत घुसला होता. मोडका सांगाडा त्याच्या पाठीवर, खाली पिंप, अन् पिंपात माझी मैना. मले पाहून म्हणे, "बाई, क्या हुआ? सब काऊन पळाले?" मी म्हणलं, "तूच तं ओरडला मेल्या, बाबा आले म्हणून!" तो म्हणे, "हां, नकटूचे बाबा!" अन् दाराकडे बोट दाखवलं. तिथी तो मिशीवाला लाकडी बाप अजून लोंबकळत होता. मले हसू येईना अन् रडू थांबेना. त्याच्या घरी बापाले अब्बा म्हणते. आमच्या घरी बा म्हणते. बाबा हा शब्द त्यानं चित्रातून उचलला. लुटणारा माणूस दुसऱ्याच्या पोरीसाठी पाठीवर सांगाडा झेलून बसते काय? नथ्थूले विचारा.

साहेब म्हणतात, एका शब्दानं अख्खी मंडई पळते हे पटत नाई, यानं मुद्दाम काहीतरी केलं असन. मी म्हणलं, तुमच्या गावी नसन पळत. माझं सांगणं संपलं.

पुरवणी जबाब, लगेच त्याच जागी. वरचा जबाब साहेबांनी मले वाचून दाखवाले घेतला. वऱ्हांड्यात गलका फार, म्हणून साहेब मोठ्यानं वाचून राह्यले होते. "बाबा आले रे, बाबा आले" या ओळीपर्यंत पोहोचले, अन् बाहेर बोंब उठली. मी दारातून पाह्यलं. काठ्या तिथीच पडल्या होत्या. वऱ्हांड्यात एक माणूस नव्हता. नथ्थू साऱ्याईच्या पुढे पळत होता, अन् पहाऱ्याचा शिपाई आंब्यावर चढला होता. साहेबही हातात कागद घेऊन दारात आले. मी विचारलं, "साहेब, तुम्ही कोणाले लुटाले ओरडले?"

साहेबांनी शिपायाले आंब्यावरून खाली बोलावलं अन् कोठडीची किल्ली मागितली.

हा जबाब मले पहिल्यापासून पुन्हा वाचून दाखवला, या वेळी हळू आवाजात. मी सांगितला तसाच आहे.

निशाणी डावा अंगठा, गोकुळा डोमा मेश्राम