सीमेवरचा ट्रॅक्टर

पोलंडच्या सीमेजवळच्या ह्रुबेशूवच्या दवाखान्यात माझ्या शेजारी ब्रोनियाकाकू आपल्या गावच्या झेनॉन या शेतकऱ्याकडे चौकशी करत होत्या.

"युक्रेनचं धान्य अडवायला तू सीमेवर ट्रॅक्टर आडवा लावला होतास ना रे?"

"लावला होता, काकू. हवामान बदल रोखायला जमीन पडीक ठेवा, असं युरोपचे अधिकारी म्हणाले, ठेवली. वर बाहेरच्या स्वस्त गव्हाने भाव पाडला. गप्प बसू?"

"मग परत का आलास?"

"अडवलेल्या एका युक्रेनी ट्रकवाल्याला गरम सूप नेऊन दिलं. तो म्हणाला, युद्धात माझ्या शेतात सुरुंग पेरलेत, म्हणून गाडी चालवतो."

"अरे देवा! मग?"

"मग काय, ट्रॅक्टर बाजूला घेतला."

"बाकीच्यांनी शिव्या घातल्या असतील."

"भरपूर! पण थंडीने त्याच्या ट्रकचं इंजिन सुरू होईना, तेव्हा धक्का मारायला तेच धावले."