शेवटची दीड पानं

या मंडळी, जवळ या! खांबाच्या पलीकडं कोण बसलंय? आजी, तुम्हीही सरका पुढं. आजची गोष्ट आवाज चढवून सांगण्यासारखी नाही, हळू सांगायची आहे. ऐकून झाली की प्रसादासारखी पदरात बांधून घरी न्यायची. फक्त गोड नाही हं, एवढं आधीच सांगून ठेवतो.

हात जोडा. बोला — पांडुरंग हरी!

मघाशी काय झालं, पाय धुऊन मंडपात शिरतोय, तर एक बाई पिशवी घेऊन पुढं आल्या. पिशवीत काय? पुस्तक! गरोदर बायकांनी काय खावं, कसं बसावं, कसं निजावं — सगळं त्यात. लेकीचं डोहाळजेवण आहे रविवारी, ओटीत घालायचंय. म्हणाल्या, "बुवा, यावर हात ठेवा. आणि एक सांगा, असल्या पुस्तकांचा काही उपयोग असतो का हो?"

हात ठेवला नाही. बाई रागावल्या असतील. रागावू नका, माउली! तुमच्या प्रश्नापायी आज ठरलेलं आख्यान बाजूला ठेवलंय. पेटीवाले माझ्याकडं बघतायत, सूर कुठला धरू म्हणून. खालचाच धरा!

तर प्रश्न असा. घरात ग्रंथ आला. शहाणा ग्रंथ. त्याची पूजा करायची — की त्याचं ऐकायचं? दोन्ही, म्हणाल. सगळे तेच म्हणतात! ऐका तर मग.

कृष्णाकाठचं एक गाव. नाव सांगत नाही, त्या घरातली माणसं अजून आहेत आणि भली आहेत. तिथं मनकर्णाबाई राहायच्या. वय पंचावन्नच्या पुढं. धनी जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलता मुलगा दिगंबर, चाकणला कंपनीत. सून प्रणिता, बावीस वर्षांची, घरी सासूजवळ. मनकर्णाबाईंची दौलत म्हणाल तर काय? आवाज! चातुर्मासात त्यांच्या घराच्या पुढच्या सोप्यात पोथी लागायची. लाल कापड सोडायच्या, चष्मा पदराला पुसायच्या, आणि पहिली ओवी अशी निघायची की रस्त्यानं जाणारा म्हशीवाला जागच्या जागी थांबायचा. म्हशी थांबायच्या नाहीत! म्हशी पार ओढ्यावर पोचायच्या, आणि हा आपला उभाच!

हसा, हसून घ्या. पुढं फार मिळणार नाही.

आवाज जेवढा गोड, तेवढे नियम कडक. अंघोळीशिवाय पोथीला हात नाही. अध्याय अर्धा टाकायचा नाही. पुढचा अध्याय आधी उघडायचा नाही. आणि शेवटची फलश्रुती — ग्रंथ ऐकून काय फळ मिळतं ते सांगणारी पानं — ती समाप्तीच्या दिवशीच, नैवेद्य दाखवून. त्याआधी बघायचीसुद्धा नाहीत.

एवढं कडक का? त्याला कारण होतं. दिगंबरच्या आधी मनकर्णाबाईंची दोन लेकरं गेली. दुसऱ्या वेळी पारायण अर्ध्यावर सोडून त्या बाळंतपणाला माहेरी गेल्या होत्या. पोर गेलं, तेव्हा भेटायला आलेली कुणीशी बाई दारातच म्हणाली, "पारायण मोडलंस गं, दुसरं काय व्हायचं?" म्हणाली आणि चहा पिऊन गेली! मंडळी, आपण बोलून जातो. ऐकणाऱ्याच्या काळजात ते तीस-तीस वर्षं रुतून बसतं.

तर प्रणिताला तिसरा महिना लागला आणि दिगंबर सुट्टीला आला. एसटी स्टँडवर पुस्तकांचं प्रदर्शन लागलेलं, तिथनं त्यानं गरोदरपणाचं पुस्तक आणलं. जाड, गुळगुळीत कागदाचं, वर हसरी बाई. दोघं नवरा-बायको उंबऱ्यात बसून चाळत होती. प्रणितानं शेवटची पानं उलटली. तिथं चौकटीत काही छापलेलं. डोळ्यांचं काहीतरी वाचायला लागली, तेवढ्यात आतून हाक — "प्रणिता, दूध उतू गेलं गं!" उठली. राहिलं.

संध्याकाळी पुस्तक मनकर्णाबाईंच्या हातात आलं. त्यांनी अनुक्रमणिका पाहिली. पहिला महिना, दुसरा महिना, तिसरा... नऊ महिने, नऊ प्रकरणं. आणि बाईंना काय दिसलं? नऊ अध्याय! डोळे भरून आले. म्हणाल्या, "दिगू, हा ग्रंथ मी लावणार. ह्या घरात ह्या वेळी काही मोडू द्यायचं नाही."

लागला ग्रंथ! लाल कापडात बांधला, पाटावर ठेवला. ज्या महिन्याचं प्रकरण त्या महिन्यात, दर गुरुवारी दुपारी तीनला थोडं थोडं. वाचायच्या आधी हळदीकुंकवाचं बोट पानाला. गल्लीतल्या बायका जमायला लागल्या. हौसाक्का, वय बहात्तर, त्याही पहिल्या रांगेत!

कुणी विचारलं, "आक्का, तुमाला काय करायचंय ओ ह्ये ऐकून?"

"गप गं! माझ्या टायमाला कुणी सांगितलं न्हाई. माझं काय काय झालतं, आता तरी कळू दे!"

आणि पुस्तक वाईट होतं का? मुळीच नाही. पालेभाजी खा म्हणत होतं, लोहाच्या गोळ्या घे म्हणत होतं, जड हंडा उचलू नको म्हणत होतं. खरंच होतं सगळं. एक खोट मात्र सांगतो, लिहिणाऱ्याची. लाडू, खिरी, पौष्टिक वड्या यांची बावीस पानं. आणि जिवाला धोका कधी, ते सांगणारी पानं किती? दीड! तीही पार शेवटाला, नवव्या प्रकरणाच्याही मागं. ज्यानं पुढं बसायचं, त्याला मागं बसवलेलं!

सातवा महिना लागला. प्रणिताचे पाय सुजले. मनकर्णाबाईंनी सातवं प्रकरण वाचलं, खड्या आवाजात — "या दिवसांत संध्याकाळी पावलांवर थोडी सूज येणे साहजिक आहे. घाबरू नये. पाय उशीवर ठेवावेत." बायकांनी माना डोलावल्या. सासूनं सुनेच्या पायाखाली स्वतःची उशी दिली. स्वतः पदर डोक्याखाली घेऊन निजली हो बाई! माया नव्हती असं कुणी म्हणू नका. मायेची कमी नव्हती.

मग बोटं सुजली. बांगडी चढेना. तोंड सुजलं. हौसाक्का म्हणाल्या, "कशी बाळसेदार दिसायला लागली बघा!"

मग डोकं. डाव्या बाजूला ठणका, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मनकर्णाबाईंनी तेल जिरवलं, सुंठ उगाळून लावली. तात्पुरतं बरं वाटायचं, पुन्हा तेच. एक दिवस प्रणिता भाकरी थापता थापता थांबली.

"आत्या," — सासूला ती आत्या म्हणायची — "डोळ्यापुढं चमकतंय काहीतरी. काजव्यागत."

"चुलीच्या धगीनं असंल. ऊठ, मी थापते."

प्रणिता उठली ती पाटाशी गेली. लाल कापडाची गाठ सोडली. "आत्या, त्या मागच्या पानांत चौकट होती. डोळ्यांचं काहीतरी लिहिलेलं. एकदा बघू का?"

मनकर्णाबाईंच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. "नको! ती समाप्तीची पानं, बाई. बाळ मांडीवर आलं की वाचायची. आधी उघडलीस तर..."

तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगवेना. प्रणितानं सासूकडं पाहिलं. त्या डोळ्यांत राग असता ना, तर पोरीनं पुस्तक ओढून वाचलं असतं. बारावी शिकलेली होती ती. पण राग नव्हता. भीती होती. आणि पोर मोठी समजूतदार! तिनं गाठ पुन्हा मारली.

ही गाठ ध्यानात ठेवा, मंडळी.

बुधवारी छबूताई आली. छबूताई म्हणजे गावची आशाताई, पोटुश्या बायांची नोंद ठेवणारी, रोज उन्हातान्हात दारोदार फिरणारी. दारातनं प्रणिताचं तोंड पाहिलं आणि थबकली.

"मावशी, हिचं तोंड असं का? उद्या गुरुवार, उपकेंद्रावर सिस्टर येणार. प्रेशर तपासायला घेऊन या. अकराला."

"उद्या अध्याय आहे गं. सकाळपासनं सारवण, नैवेद्य. तिला बी बसायचं असतंय."

"अवो, तासाचं काम! अध्याय काय पळून जातोय?"

मनकर्णाबाईंना लागलं ते. "छबे, त्या ग्रंथात सगळं लिहिलंय. सूज साहजिक म्हणून लिहिलंय. डॉक्टरनंच लिहिलाय तो, काय मी नाही लिहिला. पुढच्या गुरुवारी आणते."

छबूताई प्रणिताकडं बघून म्हणाली, "वयनी, तुम्ही तरी..." प्रणितानं मान खाली घातली. छबूताईनं वहीत खूण केली, चपला घातल्या. सायकलला हात लावला, पुन्हा मागं वळून पाहिलं. आणि गेली.

गुरुवारी वाचन झालं. सुरेख झालं! असा आवाज लागला होता त्या दिवशी, बायका म्हणाल्या, मनकर्णाबाई, आज तर कमालच केली.

रविवारी दुपारी प्रणिता तांदूळ निवडत बसली होती. सूप हातातनं पडलं. दातखीळ बसली, डोळे फिरले, सगळं अंग ताठ होऊन झटके द्यायला लागलं. पेटी थांबवा हो. थांबवा जरा.

सूपभर तांदूळ सोप्यात पसरला आणि मनकर्णाबाई त्यात गुडघ्यावर बसून सुनेचं डोकं धरून ओरडत होत्या. तोच आवाज! म्हशीवाल्याला थांबवणारा! सगळी गल्ली धावली. कुणी कांदा आणला, कुणी चप्पल हुंगवा म्हणालं. छबूताईनं मात्र गाडी बोलावली.

जिल्ह्याच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. आत गेल्या त्या दोन तासांनी बाहेर आल्या. म्हणाल्या, "प्रेशर वाढून झटके आले. सून वाचली. बाळ आधीच गेलं होतं. मुलगा होता."

मनकर्णाबाई भिंतीला टेकल्या.

"डोकं कधीपासून दुखत होतं तिचं?"

"दहा-बारा दिवस."

"डोळ्यापुढं काही दिसायचं?"

"काजवे म्हणाली होती."

"मग आजी, आणलं का नाहीत? कुणी सांगितलं नव्हतं?"

"पुस्तक वाचत होतो ओ आम्ही," मनकर्णाबाई म्हणाल्या. "दर गुरुवारी, नेमानं..."

 डॉक्टरीणबाईंना राग आला असता तर बरं झालं असतं. त्यांनी बाईंच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो हात मनकर्णाबाईंना सोसला नाही.

दिगंबर आला. त्यानं पोराला कापडात गुंडाळून नेलं आणि रिकाम्या हातानं परत आला.  प्रणिता घरी आली. तीन आठवडे त्या घरात भांड्यांचाच आवाज. लाल कापड पाटावर तसंच. गुरुवार आला की बायका घरावरनं जाताना चालणं हळू करायच्या, पण आत कुणी शिरायचं नाही.

एका गुरुवारी, दुपारचे तीन वाजले. प्रणिता भिंतीला धरून उठली. पाटापुढं आली, बसली. म्हणाली, "आत्या, समाप्ती करा."

"काय?"

"ग्रंथ अर्धा टाकायचा नसतो म्हणता ना? करा समाप्ती. शेवटची पानं वाचा. मला ऐकायची आहेत, तुमच्या तोंडून."

मनकर्णाबाईंनी पाय धुतले. चष्मा पुसला. लाल कापडाची ती गाठ सोडली. सातव्या प्रकरणापर्यंतचं पुस्तक हळदीच्या बोटांनी पिवळं पडलेलं, पानं दुमडलेली. त्यापुढची पांढरी शुभ्र! शेवटची तर एकमेकांना चिकटलेली, नखानं सोडवावी लागली. आणि बाई वाचायला लागल्या.

"पुढीलपैकी एकही लक्षण दिसल्यास वाट पाहू नका. त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना गाठा. चेहरा आणि हात सुजणे. डोके सतत दुखणे. डोळ्यांपुढे अंधारी किंवा ठिणग्या..."

आवाज तुटला.

"पुढं," प्रणिता म्हणाली.

"पोटाच्या वरच्या भागात दुखणे. बाळाची हालचाल कमी जाणवणे..."

"पुढं, आत्या."

वाचलं. दीड पान, शेवटच्या अक्षरापर्यंत. पोथी संपली की ऐकणारे जयजयकार करतात. तिथं कुणी केला नाही. प्रणितानं पुस्तक मिटलं, सासूच्या मांडीवरनं उचललं, आणि त्या रिकाम्या मांडीवर डोकं ठेवून पहिल्यांदा रडली. मनकर्णाबाईंचा हात तिच्या केसांपर्यंत जायला फार वेळ लागला.

त्यानंतर त्या घरात पोथी लागली नाही. आवाज गेला असं नाही, पण बाईंना तो नकोसा झाला. ती दीड पानं त्यांनी स्वतःच्या हातानं पुस्तकातनं सोडवली आणि छबूताईला दिली. उपकेंद्राच्या दारावर लावलीत. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका वाचतात. कुणाला वाचता येत नसलं तर छबूताई वाचून दाखवते. मनकर्णाबाई त्या रस्त्यानं जात नाहीत.

आता सांगा, मंडळी! पुस्तकाचा दोष होता? पुस्तक तर सांगत होतं. छबूताई सांगत होती. पोरीचं तोंड, पोरीची बोटं, पोरीचे डोळे — सगळे सांगत होते! आपण मात्र कापडात बांधून ठेवलं आणि नमस्कार करत बसलो. आणि तुमच्याआमच्या घरात काय वेगळं आहे? देव्हाऱ्यात ग्रंथ आहेत, फळीवर पुस्तकं आहेत. ती पिवळी किती ठिकाणी आणि पांढरी किती ठिकाणी, घरी जाऊन एकदा बघा.

पिशवीवाल्या माउली, कुठं बसलात? हां. द्या पुस्तक लेकीला, जरूर द्या. ओटीत घाला. पण आधी स्वतः उघडा, शेवटापासनं उघडा. धोक्याची पानं कुठं लपलीत ती शोधा, दुमडून ठेवा, लेकीला आणि तिच्या सासूला दोघींना समोर बसवून वाचून दाखवा. आणि लेक म्हणाली डोकं दुखतंय, तर पुस्तक ठेवा खाली आणि गाडी बोलवा!

त्या घरातल्या पोराचं बारसं झालं नाही. नाव नाही त्याला. नाव नसलेल्याची आठवण कुणी काढायची? तुम्ही काढा, एवढंच मागतो. आज निघताना पांडुरंगापुढं हात जोडाल, तेव्हा त्या बिननावाच्या लेकराची एकवार आठवण करा.