टाचेवर ठोके अन् बाबांची झोप

तुम्ही हसान बे, पण आमच्या बाबांनी त्या फिजिओवाल्या मॅडमले पार घाबरवून टाकलं.

वर्षभर टाच दुखून राहिली होती त्यांची. "दवाखान्यात काहून येत नाही?" म्हटलं की म्हणत, "आपोआप जाते." शेवटी मीच कामठीहून ऑटोत कोंबून नागपूरले घेऊन गेलो, शॉकवेव्ह करायले.

मॅडम म्हणाल्या, "काका, हे मशीन टाचेवर भराभर ठोके देईल. दुखेल. सहन झालं नाही तर लगेच सांगा."

मशीन सुरू झालं. खट्-खट्-खट्-खट्. मिनिटभरात बाबा घोरायले लागले!

मॅडम मले म्हणतात, "अहो, इथं लोक ओरडतात!"

मी म्हटलं, "मॅडम, आमच्या घरातच कापड विणायचा पावरलूम होता. दिवसपाळी बाबांची, रातपाळी माह्या काकाची. चाळीस वर्षं ते त्या खटखटीतच झोपले. आवाज चालू असला की गाढ झोपतात."

"अन् बंद झाला की?"

मी सांगणार, तेवढ्यात ठोके संपले अन् मशीन बंद झालं.

बाबा ताडकन उठले, टेबलावरून उडी मारली अन् "धागा तुटला! धागा तुटला!" करत मशीनच्या खाली वाकून धागा शोधायले लागले.

मॅडम भिंतीले टेकल्या. "काका... टाच दुखते का?"

"टाचेचं मंग पाहू वं पोरी! मशीन बंद पडलं, अन् तू माह्या तोंडाकडे पाहून राहिली?"